ए.एस.च्या रुग्णाचा खुबा बदलताना: तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ए.एस. (कणा हळूहळू हाडाने जुळून ताठ होत जाणारा संधिवात), असलेल्या माणसाचा खुबा बदलणं आणि सत्तरीतल्या आजोबांचा झिजलेला खुबा बदलणं, या दोन शस्त्रक्रियांचं नाव सारखं असलं तरी तयारी वेगळी असते. इथे रुग्ण बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला असतो. मान वळत नाही, कणा ताठ झालेला, छाती नीट फुगत नाही आणि अंगात प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन चालू.

तरी फिजिओथेरपीला येणाऱ्यांकडून ऐकू येतो तो क्रम ठरलेला असतो. सर्जनला दाखवलं, तारीख घेतली, ऑफिसात रजा टाकली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मान तपासतात आणि सांगतात, अशा मानेत श्वासनळीत नळी घालायला लागणारी दुर्बीण आमच्याकडे आज नाही. तारीख पुढे जाते. तोवर इंजेक्शन चुकलेलं असतं, पाठ पुन्हा धरते आणि सगळं पहिल्यापासून. खाली दिलेला क्रम या गोंधळासाठीच आहे. औषधांचे डोस आणि दिवस मात्र तुमचेच डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं, ते इथे आहे.

## टप्पा १: दुखतंय ते खुब्यातूनच का?

ए.एस.मध्ये नितंबात खोल दुखतं ते बहुधा माकडहाडाच्या वरच्या, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यातून. खुब्याचं दुखणं जांघेत येतं, मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. त्यामुळे कित्येक जण महिनोन्‌महिने गुडघ्याचेच एक्स-रे काढत राहतात. मोजा घालताना पाय वर येत नाही, रिक्षात चढताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो, झोपल्यावर मांडी गादीला टेकत नाही: असं असेल तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवाच. दोन्ही म्हणतोय, कारण या आजारात दुसरा खुबाही अनेकदा त्याच वाटेवर असतो.

सूज आहे पण सांध्यातली जागा शिल्लक आहे, अशा वेळी आधी संधिवाततज्ज्ञांनी औषध नीट बसवायचं. जागा संपली असेल तर इंजेक्शनाने कूर्चा परत येत नाही.

नेहमीची चूक: "वय लहान आहे, पन्नाशीपर्यंत कळ काढ." हा सल्ला घरचे देतात, कधीकधी डॉक्टरही देतात. त्यात तथ्य एवढंच की तरुणपणी बसवलेला सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त असते. पण वाट पाहता पाहता खुबा हाडाने जुळून गेला, पाय वाकलेल्या स्थितीत अडकला आणि नितंबाचे स्नायू वाळले, तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि चाल सुधारायला कितीतरी जास्त काळ लागतो. चालणं, झोप आणि शौचाला बसणं या तिन्हींवर परिणाम झाला असेल, तर निव्वळ वयाकडे बोट दाखवून थांबू नका.

## टप्पा २: आधी खुबा की आधी कणा?

पुढे झुकलेला माणूस दोन कारणांनी झुकलेला असू शकतो: कणा वाकला आहे किंवा खुबे वाकून अडकले आहेत. बऱ्याचदा दोन्ही. खुबे सरळ झाले की माणूस बराच उभा होतो आणि मग कण्याची शस्त्रक्रिया लागतच नाही, म्हणून साधारणपणे खुबा आधी करतात. पण पाठीचं कुबड इतकं असेल की समोरचं दिसतच नाही, तर आधी कण्याच्या सर्जनचं मत घ्या. कणा नंतर सरळ केला तर कंबरेच्या हाडाचा, म्हणजे पेल्व्हिसचा कल बदलतो आणि त्यात आधी बसवलेल्या वाटीचा, म्हणजे नव्या सांध्याच्या पेल्व्हिसमधल्या खोलगट भागाचा, कोनही बदलतो. क्रमाबद्दल सर्जनांमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे दोघांनी एकमेकांशी बोलणं महत्त्वाचं.

दुसरा प्रश्न, दोन्ही खुबे एकदम की एकेक? दोन्ही वाकून अडकले असतील आणि एकच सरळ केला, तर दुसरा पाय नव्या पायालाही वाकवून ठेवतो. सरळ उभं राहताच येत नाही आणि व्यायाम तिथेच अडतो. हृदय-फुप्फुसं ठीक असतील तर एकाच वेळी किंवा थोड्या आठवड्यांच्या अंतराने दोन्ही करण्याचा विचार होतो. खर्चाची आणि रजेची जुळणी त्यावर अवलंबून असते, म्हणून हे आधीच विचारा.

## टप्पा ३: भूलतज्ज्ञांची भेट, तारखेच्या आधी

संपूर्ण लेखातला हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि धोकाही इथेच जास्त आहे.

पूर्ण भूल द्यायची तर श्वासनळीत नळी घालावी लागते. मान ताठ, हनुवटी छातीकडे झुकलेली, जबड्याचा सांधाही आखडलेला असेल, तर नेहमीच्या पद्धतीने नळी जात नाही. मग रुग्णाला जागं ठेवून, घसा बधिर करून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालतात. त्यासाठी उपकरण हवं आणि सराव असलेला हातही हवा. "कमरेत इंजेक्शन देऊन करू" हे उत्तर पुरत नाही. मणक्यांमधल्या जागा हाडाने भरलेल्या असल्या तर सुई जाईलच असं नाही, आणि मधेच पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर गाठ मानेशीच पडते.

घरी हे मोजून कागदावर लिहा:

1. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? दोनच जात असतील तर दोन लिहा.
2. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे राहा. डोक्याची मागची बाजू भिंतीपासून किती सेंटीमीटर लांब राहते, ते दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या.
3. उताणं झोपल्यावर डोक्याखाली किती उशा लागतात? उशांची एकूण उंची पट्टीने मोजा.
4. एका दमात किती जिने चढता? आवाज घोगरा झाला आहे का?

तिसरा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ऑपरेशनचं टेबल सपाट असतं. ए.एस.मधली मान ताठ असते आणि आतून ठिसूळही असते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि डोकं टेबलाला टेकवण्यासाठी कुणी जोर केला तर मानेचा मणका मोडू शकतो, मज्जारज्जूला इजा होऊ शकते. "मला नऊ इंच उशी लागते, डोकं खाली दाबू नका" हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना जागे असतानाच पुन्हा सांगा.

सोबत मानेचा एक्स-रे (वरचे मणके अजून हलत असतील तर पुढे-मागे वाकवून काढलेला), ई.सी.जी., टू-डी इको आणि फुप्फुसांची फुंकर चाचणी. या आजारात महाधमनीची झडप गळू शकते आणि हृदयातल्या विजेच्या वहनात अडथळा येऊ शकतो, म्हणून इको ही केवळ औपचारिकता मानू नका.

पुढे जाण्याआधी तपासा: "जागेपणी दुर्बिणीने नळी घालण्याची सोय तुमच्याकडे आहे का?" याला स्पष्ट "हो" मिळालं का? "बघू त्या वेळी" हे उत्तर आलं तर रुग्णालय बदलायचा विचार करा.

## टप्पा ४: उभ्याने आणि बसून काढलेले एक्स-रे

नेहमीचा एक्स-रे झोपवून, समोरून काढतात. इथे तेवढ्याने भागत नाही.

निरोगी माणूस खुर्चीत बसतो तेव्हा पेल्व्हिस मागे कलतं, खुब्याची वाटी थोडी पुढे उघडते आणि मांडीला वर यायला जागा मिळते. कणा जुळून गेलेल्या माणसात हे होत नाही. उभं असताना जो कल असतो तोच बसल्यावर. अडकलेला कल मागे असेल तर वाटी आधीच पुढच्या बाजूला जास्त उघडी असते आणि पाय मागे जाताना गोळा (वाटीत फिरणारं मांडीच्या हाडाचं टोक) पुढून निसटू शकतो. पुढच्या कलात अडकला असेल तर खाली बसताना मागून निसटण्याची भीती. म्हणून सगळ्यांना सारख्या कोनात बसवलेली वाटी ए.एस.च्या रुग्णाला चुकीची ठरू शकते.

एका कुशीकडून घेतलेले दोन एक्स-रे लागतात, एक उभ्याने आणि एक स्टुलावर बसून. दोन्हींत कंबरेचे मणके, पेल्व्हिस आणि मांडीचं हाड यायला हवं. बऱ्याच सेंटरवर तंत्रज्ञ म्हणतात, "असा काढत नाही." सर्जनकडून चिठ्ठीवर नीट लिहून न्या, आणि बसताना पाठ टेकू नका.

मग सर्जनला विचारा: वाटीचा कोन हे फोटो बघून ठरवणार का? गोळा किती मोठा? डबल मोबिलिटी वाटी, जिच्यात गोळा दोन पातळ्यांवर फिरतो आणि निसटण्याचा धोका कमी होतो, ती माझ्यासाठी विचारात घेतली का? तरुण रुग्णांत सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचं (एक प्रकारचं प्लास्टिक) अस्तर, सिमेंटशिवाय, ही जोडी बरीच वापरतात. मी मात्र ब्रँडच्या वादात वेळ घालवू नका म्हणेन. कोन चुकला तर महागातला महाग सांधाही निसटतो.

पायांच्या लांबीतला फरक पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून मोजून घ्या. लवचीक कण्याचा माणूस एखादा सेंटीमीटर कंबर वाकवून सामावून घेतो, ताठ कण्याला ते जमत नाही.

## टप्पा ५: औषधांचं कॅलेंडर

इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण सगळंच बंद करतात, काही जण काहीच बंद करत नाहीत.

- मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन: अमेरिकन संधिवात आणि सांधेरोपण संघटनांच्या २०१७ च्या, पुढे २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनानुसार ही साधारणपणे चालूच ठेवतात. मनाने बंद करू नका.
- बायोलॉजिक, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं: एक इंजेक्शन टाळायचं आणि ते ज्या दिवशी घ्यायचं होतं तिथून पुढच्या आठवडाभरात शस्त्रक्रिया घ्यायची. अडालिमुमॅब दर दोन आठवड्यांनी घेत असाल आणि शेवटचं इंजेक्शन १ मार्चला झालं असेल, तर १५ मार्चचं घ्यायचं नाही. शस्त्रक्रिया १५ ते २१ मार्चच्या आठवड्यात. आठवड्याला एक एटानरसेप्ट असेल तर दुसऱ्या आठवड्यात, चार आठवड्यांनी घ्यायचं सेकुकिनुमॅब असेल तर पाचव्या, आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब असेल तर नवव्या.
- टोफासिटिनिबसारख्या गोळ्या: किमान तीन दिवस आधी थांबवतात.
- रोजचं स्टिरॉईड: नेहमीचा डोस चालू. अचानक बंद करणं धोक्याचं.
- वेदनाशामक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: कधी थांबवायच्या हे सर्जन सांगतील.

तारीख सगळ्यात शेवटी का, ते या हिशोबातून कळेल: ती इंजेक्शनाच्या फेरीवरून काढायची असते, सर्जनच्या मोकळ्या बुधवारवरून नव्हे. तारीख पुढे ढकलली गेली तर त्याच दिवशी संधिवाततज्ज्ञांना फोन करून इंजेक्शन परत सुरू करायचं का ते विचारा.

सावध: "सांध्यांसाठी गावठी औषध" म्हणून लेबल नसलेल्या पुड्या घेत असाल तर ते भूलतज्ज्ञांना सांगा, लाज बाळगू नका. अशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं आढळतं, आणि ते लपवलं तर त्रास टेबलावर होतो.

याच काळात उरकायची कामं: किडलेला दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधल्या भेगा, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. सिगारेट आणि तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद. हाडाची घनता मोजायची तर खुब्याची आणि हाताची बघा. कण्यावर चढलेल्या हाडामुळे कण्याचा आकडा फसवा, खोटा चांगला येतो.

## टप्पा ६: घर आधी, दवाखाना नंतर

- पलंग, खुर्ची आणि कमोड असे हवेत की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाणार नाही. जमिनीवरची गादी बाद.
- भारतीय संडास असेल तर कमोड-खुर्ची आणून ठेवा आणि दाराच्या चौकटीतून वॉकर जातो का, ते मोजा. दार आत उघडतं की बाहेर, हेही बघा; आत पडलेला माणूस आत उघडणारं दार अडवतो.
- ताठ मानेच्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पायपुसणं, वायरी, उंबऱ्याजवळच्या चपला काढून टाका. वॉकरची सवय आधीच, त्याच घरात करा.
- लांब दांड्याचा चिमटा, मोजे चढवायची पट्टी आणि लांब शू-हॉर्न. हे घेतलं नाही तर रुग्ण पहिल्याच आठवड्यात वाकतो.

पैशांबद्दल थोडक्यात: लेखी अंदाजपत्रकात इम्प्लांटची किंमत, दुर्बिणीने नळी घालण्याचा खर्च आणि अतिदक्षता विभागाचा एक दिवस वेगळा लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमधून करणार असाल तर अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पॅकेजमध्ये कोणता सांधा बसतो ते विचारा आणि पूर्वमंजुरी आल्याशिवाय दाखल होऊ नका.

## टप्पा ७: रुग्णालयातले दिवस

बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. चक्कर येते, साहजिक आहे. आधी पलंगाच्या कडेला बसा. छाती फुगत नसल्याने कफ साठतो, म्हणून श्वासाचे व्यायाम पायाच्या व्यायामांइतकेच मनावर घ्या. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन घरी किती दिवस, ते लिहून घ्या.

इथेच एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ए.एस.मध्ये, विशेषतः खुबा आधी जुळून गेलेला असेल तर, नव्या सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं आणि मोकळा झालेला पाय पुन्हा आखडतो. ते टाळण्यासाठी इंडोमेथासिनसारखी गोळी काही आठवडे देतात किंवा किरणोत्सर्गाचा एकच डोस, शस्त्रक्रियेच्या आदल्या २४ तासांत किंवा नंतरच्या ७२ तासांत. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर गोळीचा निर्णय बदलतो. "माझ्यासाठी काय ठरवलं?" हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा, चौथ्या दिवशी विचारून उपयोग नाही.

घरी जाण्याआधी तपासा: सांधा कोणत्या बाजूने निसटण्याची भीती आहे? नेहमीचे नियम, म्हणजे नव्वद अंशांपुढे वाकू नका, पाय एकमेकांवर टाकू नका, पाऊल आत वळवू नका, हे मागून निसटू नये यासाठी असतात. पुढून निसटण्याची भीती असेल तर पाय मागे नेणं आणि पाऊल बाहेर वळवणं टाळायचं असतं. शेजारच्या काकांच्या सांध्याचे नियम तुम्हाला लागू पडतीलच असं नाही.

## टप्पा ८: घरचे पहिले तीन महिने

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. जखम कोरडी, सूज-लाली नाही, स्राव नाही, असं सर्जननी पाहिलं की बायोलॉजिक परत सुरू करायचं. ही गोष्ट आठवणीने विचारायला लागते, कारण सर्जनला वाटतं संधिवाततज्ज्ञ सांगतील आणि संधिवाततज्ज्ञांना वाटतं सर्जन सांगतील. तोवर सकाळचा ताठरपणा वाढेल, पाठ दुखेल. ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही, आजार डोकं वर काढतोय. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघू नका.

लंगडणं महिनोन्‌महिने राहू शकतं. वर्षानुवर्षं न वापरलेला नितंबाचा स्नायू सहा आठवड्यांत उठत नाही. काठी दुसऱ्या, म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरायची. हे सांगूनही निम्मे लोक उलट धरतात. पाय लांब झाल्यासारखा वाटला तर लगेच बुटाला टाच लावून घेऊ नका, स्नायू सैल होऊ द्या.

सावध: तेल लावून खुबा रगडणारे आणि जोर लावून पाय ताणणारे यांना दूर ठेवा. तिसऱ्या आठवड्यानंतर खुबा गरम, सुजलेला वाटू लागला आणि हालचाल वाढण्याऐवजी कमी होत चालली, तर एक्स-रे काढा, ताणू नका.

ताप, जखमेतून पाणी, अचानक पाय आखूड होऊन वळणं, पोटरी सुजणं किंवा धाप लागणं: यांतलं काहीही झालं तर थेट सर्जनला फोन. जवळच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचा कोर्स आधी घेतला तर सांध्यातला जंतू ओळखणं अवघड होऊन बसतं.

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं यांची परवानगी गृहीत धरू नका. पूजेला पाटाऐवजी खुर्ची, पंगतीत टेबल. लग्नात नातेवाईक आग्रह करतात, "थोडा वेळ बस ना खाली." नाही म्हणा.

## टप्पा ९: कागदपत्रं आणि दुसरा खुबा

इम्प्लांटच्या डब्यावरची स्टिकर्स, त्यांवरचा लॉट क्रमांक आणि शस्त्रक्रियेची नोंद ताब्यात घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. २०१० मध्ये डी-प्यू कंपनीने एएसआर नावाचे खुबे जगभरातून परत बोलावले तेव्हा भारतातले अनेक रुग्ण शोधूनही सापडले नाहीत. शिवाय पुढे सांधा बदलायची वेळ आली तर आत नेमकं काय आहे, हे नव्या सर्जनला या स्टिकरवरूनच कळतं.

तपासणीचा एक्स-रे सहा आठवड्यांनी, मग वर्षाने, पुढे सर्जन सांगतील तसा. दुखत नाही म्हणून तो टाळू नका; सांधा सैल होत असेल तर एक्स-रेत आधी दिसतं, दुखणं मागून येतं. दातांचं काम असेल तेव्हा दंतवैद्यांना नवा खुबा आणि चालू इंजेक्शन, दोन्ही सांगा.

दुसरा खुबा नंतर करणार असाल तर जुने रिपोर्ट पुढे करून टप्पा ३ वगळू नका. मधल्या काळात मान आणखी आखडलेली असू शकते, पेल्व्हिसचा कल तर पहिल्या शस्त्रक्रियेनेच बदललेला असू शकतो. तोंडाची बोटं, भिंतीचं अंतर, उशीची उंची पुन्हा मोजा, उभ्याचे आणि बसलेले एक्स-रे पुन्हा काढा, आणि भूलतज्ज्ञांना पहिल्या वेळी नळी कशी घातली होती त्याची नोंद दाखवा.